टॉर्च घेताय? लुमेनचा आकडा नंतर, आधी आतला सेल बघा



कुठल्याही शॉपिंग ॲपवर 'एलईडी टॉर्च' असं टाकून बघा. तळहातात मावणारी टॉर्च, किंमत एका पिझ्झापेक्षा कमी, आणि वर ठळक अक्षरात '१०,००० लुमेन', '९९०० एमएएच', '२ किलोमीटर रेंज'. आता घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बचं खोकं शोधा. त्यावर साधारण ८०० ते ९०० लुमेन लिहिलेलं असेल. म्हणजे जाहिरात खरी मानायची तर अकरा-बारा बल्बांचा उजेड एका मुठीतून, तोही एका सेलवर निघायला हवा. असं होत नाही. का होत नाही ते एकदा समजलं की टॉर्च निवडताना फसायला होत नाही, आणि त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. गुणाकार-भागाकार पुरतो.

फोनमध्ये टॉर्च आहे की! मग वेगळी कशाला?

प्रश्न बरोबर आहे. लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधायची असेल, गाडीखाली पडलेली चावी बघायची असेल तर फोन पुरतो. पण फोनचा फ्लॅश फोटोसाठी बनवलेला असतो. त्याचा उजेड पसरट असतो, चार-पाच पावलांच्या पुढे तो विरून जातो. फोन हातात धरला की तो हात अडकला. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर पहाटेच्या अंधारात चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, आणि तिथून निसटलेला फोन परत मिळायची आशा धरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोंगरात फोनचं चार्जिंग आधीच वेगाने उतरत असतं. रेंज नसली की फोन सतत टॉवर शोधत राहतो, वर जीपीएस आणि कॅमेरा चालू. एकटा फ्लॅश फार वीज खात नाही हे खरं, पण बाकी सगळ्यांच्या जोडीला तोही तासन्‌तास चालला तर नेमका ११२ नंबर लावायची किंवा लोकेशन पाठवायची वेळ येते तेव्हा स्क्रीन काळी. रात्रीच्या ट्रेकला फोन संपर्कासाठी आणि नकाशासाठी राखून ठेवायचा. उजेडाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं.

ट्रेकचं सोडा. गावाकडे शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते तेव्हा अंधारात बांधावरून पाणी द्यायला जावं लागतं. मण्यार रात्रीच फिरते. पाय ठेवायच्या आधी जमीन नीट दिसणं ही तिथे हौस नसते.

गावाकडे टॉर्चला 'बॅटरी' म्हणतात ना? शहरातली मंडळी त्यावर हसतात. पण गंमत बघा, नाव अगदी नेमकं आहे. टॉर्च म्हणजे मुख्यतः बॅटरीच. पुढचा एलईडी तर आता स्वस्तातल्या टॉर्चमध्येही बरा मिळतो.

सेलचं गणित: दोन मिनिटांत खोटेपणा पकडा

आज छोट्या पण दमदार टॉर्चमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा सेल म्हणजे १८६५०. हे मॉडेलचं नाव नाही, माप आहे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीसारखा आकार. तसाच २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब. दोन्ही लिथियम-आयन, म्हणजे तुमच्या फोनच्या बॅटरीचे चुलतभाऊ.

१८६५० च्या एवढ्याशा डब्यात किती वीज मावते याला मर्यादा आहे. चांगल्यात चांगल्या कंपन्यांचे सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. २१७०० मध्ये साधारण ५००० मिळतात. त्यामुळे एका १८६५० वर '९९०० एमएएच' छापलेलं दिसलं की पुढचं काही वाचायची गरजच नाही. तो आकडा खोटा आहे. जो विक्रेता सेलबद्दल खोटं बोलतो तो लुमेनबद्दल खरं कशाला बोलेल?

आता गुणाकार. ३५०० एमएएच म्हणजे ३.५ अँपिअर-तास. सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६. दोन्हींचा गुणाकार १२.६ वॅट-तास. चांगली एलईडी टॉर्च एका वॅटमधून ढोबळमानाने १०० लुमेन काढते. कधी थोडे जास्त, कधी कमी, पण हिशोबाला १०० धरायला हरकत नाही. म्हणजे पूर्ण चार्ज सेलमध्ये तुमच्याकडे १२६० 'लुमेन-तास' शिल्लक आहेत. मोबाइलच्या डेटा पॅकसारखंच समजा. कसे वापरायचे ते तुम्ही ठरवा:

१००० लुमेनवर सव्वा तास.
३०० लुमेनवर चार तास.
१०० लुमेनवर साडेबारा तास, म्हणजे अख्खी रात्र.

आणि १०,००० लुमेनवर? १०० वॅट लागतील. सेल साडेसात मिनिटांत रिकामा. पण तेवढीही वेळ येणार नाही, कारण साध्या १८६५० मधून एवढा करंट निघतच नाही. निघालाच तर बहुतेक वीज उष्णतेत जाईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरून हाताचं काय होईल याचा अंदाज करा.

हेच गणित एए सेलला लावून बघा. चांगला रिचार्जेबल एए म्हणजे २००० एमएएच, १.२ व्होल्ट. गुणाकार २.४ वॅट-तास, म्हणजे २४० लुमेन-तास. पेन्सिल सेलच्या टॉर्चवर '२००० लुमेन' दिसलं तर ॲप बंद करा.

मग '१००० लुमेन, ४ तास' हे कसं लिहितात?

हा प्रश्न आता तुमच्या डोक्यात यायलाच हवा. गणितात तर १००० लुमेनला सव्वा तास आला. मग नावाजलेली कंपनीसुद्धा खोक्यावर चार तास कसे लिहिते? ती खोटं बोलत नाही. ती नियम वापरते.

टॉर्चसाठी एएनएसआय एफएल-१ नावाचं मोजमापाचं मानक आहे. २००९ मध्ये ते पहिल्यांदा आलं. त्यात लुमेन मोजतात टॉर्च चालू केल्यानंतर अर्ध्या मिनिटाने. आणि रनटाइम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. आता या दोन नियमांमध्ये जागा किती आहे बघा. छोटी टॉर्च १००० लुमेनवर एक-दोन मिनिटं जळते, तापते, आतलं सर्किट स्वतःहून तिला ३०० वर आणतं, आणि पुढचे चार तास ती ३०० वरच चालते. मानकाप्रमाणे '१००० लुमेन, ४ तास' लिहिलं तर त्यात चूक काढता येत नाही.

याला स्टेप-डाउन म्हणतात आणि हा टॉर्चचा दोष नाही. उलट चांगलं सर्किट असल्याची खूण आहे. अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीला उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. फोनवर गेम खेळताना तो तापला की प्रोसेसर मंदावतो ना, तोच प्रकार. म्हणून छोट्या टॉर्चचा 'टर्बो' हा क्षणभर वापरायचा मोड समजा. दरीपलीकडची वाट शोधायची, कुठे आवाज आला तिकडे एकदा मारायचा, आणि परत खाली.

त्यामुळे खरेदी करताना सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या. मधला मोड किती लुमेनचा आहे आणि तो किती तास टिकतो, ते वाचा. चालताना पायाखालची वाट बघायला ५० ते १०० लुमेन भरपूर होतात. कातळ, दगडधोंडे, अनोळखी वाट असेल तर १५० ते ३००. चांगली कंपनी प्रत्येक मोडचे लुमेन आणि तास यांचा तक्ता देते, काही जण तर उजेड वेळेनुसार कसा उतरतो याचा आलेखही देतात. ज्याने असं काहीच दिलेलं नाही, त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नसावं.

आणखी एक. आपल्या डोळ्यांना दुप्पट लुमेन दुप्पट दिसत नाहीत. उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. म्हणून १००० आणि १२०० लुमेनच्या दोन टॉर्चमध्ये फरक शोधत बसू नका. तो फरक फक्त खोक्यावर दिसतो.

लांब जाणारा की पसरणारा?

लुमेन म्हणजे टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडला. पण तो कुठे पडला? त्यासाठी वेगळं एकक आहे, कँडेला. शेतात पाइपने पाणी मारताना तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते. पाणी तेवढंच. लुमेन म्हणजे पाणी, कँडेला म्हणजे धारेचा जोर.

खोक्यावर जे 'बीम डिस्टन्स' मीटरमध्ये लिहितात ते कँडेलावरूनच काढलेलं असतं. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. २५०० कँडेला म्हणजे १०० मीटर, १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. मात्र त्या अंतरावर उजेड उरतो फक्त पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. शंभर मीटरवर झाड आहे एवढं कळेल, झाडाखाली कोण उभं आहे ते कळणार नाही. नीट दिसण्याचं अंतर मी निम्मंच धरतो. आणि '२ किलोमीटर' साठी किती कँडेला लागतील? दहा लाख. मुठीतल्या स्वस्त टॉर्चमधून ते येत नाहीत.

रोजच्या वापराला आणि ट्रेकला लांब धारेपेक्षा पसरट उजेडच उपयोगी पडतो. मध्ये थोडा तेजस्वी भाग, बाजूला मऊ पसरलेला प्रकाश, असा बीम उत्तम. धार एकदम बारीक असली की पायाजवळ लख्ख ठिपका आणि बाजूला काळोख, नजर सारखी इकडून तिकडे करावी लागते. शेतात रखवालीला जाणाऱ्यांना, कड्यावरून खालचं बघणाऱ्यांना मात्र लांब धार हवी. पुढची काच ओढून झूम होणारी टॉर्च दोन्ही करते असं वाटतं, पण त्या सरकणाऱ्या भागातून पाणी शिरायची शक्यता जास्त. पावसात ती नको.

रंगाबद्दल थोडं

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा एलईडी असतो आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्याचमुळे. थर पातळ असला की उजेड निळसर, ६५०० केल्विनच्या आसपास. जाड असला की पिवळसर. निळसर उजेड जास्त तेज वाटतो, म्हणून स्वस्त टॉर्च बहुधा तसाच देतात. पण त्यात माती, वाळका पाला आणि त्यावर बसलेला प्राणी सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्विनचा न्यूट्रल व्हाइट मिळाला तर तो घ्या. सीआरआय ९० च्या वर असेल तर रंग जवळपास दिवसासारखे दिसतात. घरात फ्यूज बघताना लाल आणि काळी वायर ओळखायलाही हे बरं पडतं. त्याबदल्यात थोडे लुमेन कमी होतात, होऊ देत.

धुक्यात मात्र कुठलाच रंग जादू करत नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात ढगातूनच चालावं लागतं, आणि तेव्हा कपाळावरचा हेडलॅम्प पांढरी भिंत उभी करतो, कारण उजेड थेंबांवरून परत थेट डोळ्यांत येतो. टॉर्च हातात घेऊन कमरेच्या खाली धरा आणि मोड कमी करा. वाट दिसायला लागते.

पाऊस, बटण आणि खिसा

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन करेल. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर फिरणाऱ्यांनी आयपीएक्स७ च्या खाली जाऊ नये. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण नीट बसतंय ना तेही बघा. बहुतेक टॉर्चचा जीव त्याच झाकणातून जातो.

बटणाकडे कुणी बघत नाही आणि रोज त्रास त्याचाच होतो. चालू केल्यावर थेट कमी उजेडात सुरू होणारी टॉर्च चांगली. दर वेळी हाय, लो, मग डोळे दिपवणारा स्ट्रोब अशी फेरी मारायला लावणारी नको. एक-दोन लुमेनचा 'मूनलाइट' मोड असेल तर सोन्याहून पिवळं. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोताने ती मेहनत वाया जाते. तंबूत झोपलेल्या मित्राच्या तोंडावर ३०० लुमेन मारणाऱ्याला पुढच्या ट्रेकला कुणी बोलवत नाही. मे-जूनमध्ये राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणार असाल तर तिथे टॉर्च बंदच ठेवा. काजवे जोडीदाराला उजेडानेच खुणावतात, आपल्या झोतापुढे त्यांची खूण हरवते.

दमदार टॉर्च खिशात किंवा सॅकमध्ये चुकून चालू झाली तर कापड जळण्याइतकी तापू शकते. म्हणून लॉकची सोय आहे का ते तपासा. पुष्कळ टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव फेरा सैल केलं तरी संपर्क तुटतो. साधा, बिनखर्चाचा लॉक.

चार्जिंगची छुपी भानगड

'टाइप-सी पोर्ट' वाचून खूश होऊ नका. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये त्या पोर्टमागे दोन छोटे रेझिस्टर बसवायचे टाळलेले असतात. परिणाम असा की फोनच्या नव्या चार्जरची दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लावली तर टॉर्च चार्जच होत नाही. जुनी, एका बाजूला मोठं यूएसबी असलेली केबल लावली की होते. लोकांना वाटतं टॉर्च बिघडली. रिव्ह्यूमध्ये 'सी टू सी' हे शब्द शोधा, उत्तर तिथेच मिळतं.

सेल बाहेर काढता येतो का, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न. आतच बंद केलेला सेल दोन-तीन वर्षांत थकला की चांगली टॉर्च कचऱ्यात. सुटा १८६५० किंवा २१७०० असेल तर नवा सेल घाला, टॉर्च पुढे चालू. काही कंपन्यांचं चुंबकाचं चार्जिंग दिसायला झकास असतं, पण ती खास केबल घरी विसरली की संपलं.

सुटा सेल मात्र जपून. प्लॅस्टिकचं वेष्टण फाटलेला सेल वापरू नका, किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट झाला तर आग लागू शकते. प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या. एएच्या मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेलही मिळतो. तो ३.७ व्होल्टचा असतो, कंपनीने चालेल असं लिहिलं नसेल तर एए टॉर्चमध्ये घालायचा नाही.

टॉर्च आली. आता फोन काढा!

फोन टॉर्चला पर्याय नसला तरी टॉर्च तपासायला उत्तम आहे. रिटर्नची मुदत संपायच्या आत हे करून घ्या.

स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम आला तर आत माल कमी आहे.

कॅमेरा चालू करून टॉर्चचा उजेड भिंतीवर पाडा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर टॉर्च वेगाने चालू-बंद होऊन उजेड कमी करते आहे. थोडं असेल तर चालेल, ठळक पट्टे असतील तर तासभर वापरून डोकं दुखू शकतं.

अँड्रॉइड फोनवर एखादं मोफत लक्स मीटर ॲप घ्या. छोट्या अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे तोंड करून उभी करा, फोन बाजूला ठेवा आणि दर मिनिटाला आकडा टिपून ठेवा. आकडा अगदी अचूक नसला तरी उतार खरा दिसतो. दहा मिनिटांत शंभरचे तीस झाले तर स्टेप-डाउन समजलं. शंभरचे हळूहळू घसरत पाच झाले आणि थांबायचं नाव नाही, तर आत सर्किट म्हणावं असं काही नाही.

मग घ्यायची कुठली?

पहिलीच टॉर्च असेल तर माझं मत स्पष्ट आहे. काढता येणारा १८६५० सेल, टाइप-सी, आयपीएक्स७ किंवा वर, १०० लुमेनच्या आसपास एक मोड आणि एक मूनलाइट मोड, न्यूट्रल उजेड. वरचा आकडा ८०० असो की १२००, त्याने फरक पडत नाही. बारीक क्लिप असेल तर टोपीला लावून हात मोकळे राहतात, पण नेमाने रात्रीचे ट्रेक करत असाल तर हेडलॅम्पच घ्या आणि ही टॉर्च सॅकमध्ये दुसरी म्हणून ठेवा. दोन उजेड असावेत, कारण पडणं, हरवणं, भिजणं हे रात्रीच होतं.

घरी आजी-आजोबांसाठी घेताय? मग लिथियम नको. दोन एएची, एकच बटण असलेली साधी टॉर्च द्या. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. फक्त अल्कलाइन सेल महिनोन्‌महिने आत पडून राहिले की गळतात आणि स्प्रिंग खातात, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत एकदा उघडून बघा.

विमानाने कुठे जाणार असाल तर सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत टाकू नका. ते डबीत घालून केबिन बॅगेत ठेवायचे असतात. टॉर्चही सोबतच ठेवा, झाकण पाव फेरा सैल करून.